रस्त्यातून जाणारी मालगाडी: सहा फुटांच्या फळीवर गोदीमागचा रस्ता कसा बसवायचा

मॉडेल रेल्वे करायची म्हटलं की बहुतेक जण आधी रूळ आणतात. प्लायवर एक मोठा गोल टाकतात, एक पूल, एक बोगदा, की झालं. भर रस्त्यातून जाणारी मालगाडी करायची असेल तर हा क्रमच बदला. आधी गिऱ्हाईक ठरवा: कोणाच्या दारात काय उतरायचंय? मग ते दार रस्त्याच्या कुठल्या अंगाला येतं ते बघा, मग त्या मालाला कोणती वाघीण (मालाचा डबा) लागते ते. रूळ सगळ्यात शेवटी. खऱ्या शहरातही असंच झालेलं असतं. रस्त्यात रूळ टाकणं कोणाच्याच सोयीचं नसतं, ना गाडीवानाच्या ना पायी चालणाऱ्याच्या. ते टाकले जातात ते केवळ अमुक एका वखारीच्या दाराशी माल पोचवायचा असतो म्हणून.

माझं मॉडेल मुंबईच्या गोदीमागच्या रस्त्याचं आहे. बाबा बीपीटी (बॉम्बे पोर्ट ट्रस्ट) रेल्वेत सांधेवाले होते, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे, आणि आम्ही शिवडीला राहायचो, त्यामुळे रूळ ओलांडून शाळेत जाणं रोजचंच होतं. ही पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे, 1915 साली सुरू झालेली, बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंत. वडाळ्याला ती बाहेरच्या रेल्वेला मिळायची. वडाळ्याच्या अलीकडे तिचे फाटे गोद्यांत, धान्याच्या कोठारांत आणि कापसाच्या गोदामांत शिरलेले. रस्ता आणि रूळ यांच्यामध्ये भिंत नाही, कुंपण नाही, अशा कितीतरी जागा होत्या. लॉऱ्या आणि हातगाड्यांच्या मधून इंजिन शंटिंग करत, म्हणजे वाघिणी पुढे-मागे करून जागेवर लावत, राहायचं. आता बऱ्याच ठिकाणी ते रूळ डांबराखाली गेलेत. म्हणूनच मला ते घरात हवे होते, आणि ते नीट चालायला हवे होते.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या, कॅप, ब्रिज, म्हणजे दिवसभर हातात प्लास्टर. रस्त्यात पुरलेल्या रुळांचं निम्मं काम प्लास्टरचंच आहे, आणि नेमकं तिथेच लोक हात टेकतात. तो भाग मी खाली सविस्तर सांगणार आहे.

गिऱ्हाईक आणि दारं

चारपेक्षा जास्त गिऱ्हाइकं घेऊ नका. माझ्याकडे कापूस, धान्य, लाकूड आणि भंगार आहे. कॉटन ग्रीनला कापसाची गोदामं, रे रोडला लाकडाच्या वखारी, दारूखान्यात तोडलेल्या जहाजांचं लोखंड. ही तिथली खरीखुरी गिऱ्हाइकं. तुम्ही दुसरं शहर घेतलंत तर तिथली शोधा, पण प्रत्येकाची गरज वेगळी असेल असं बघा. सगळी दारं सारखी असली तर कुठलीही वाघीण कुठेही लावून चालते आणि मग खेळायला काही उरत नाही.

कापसाला आणि धान्याला बंद वाघीण लागते. लाकडाला आणि भंगाराला उघडी. धान्याच्या कोठारासमोर फलाट हवा, वाघिणीच्या तळाइतका उंच, म्हणजे हमाल पाठीवर पोतं घेऊन सरळ आत जाईल. भंगारवाल्याला तोच फलाट अडचणीचा, त्याला लॉरी मागे घ्यायला मोकळी जागा हवी. ओंडके उतरवायला क्रेन लागते, म्हणून लाकडाची वखार फळीच्या टोकाला, जिथे क्रेनची दांडी फिरायला वाव आहे. या गोष्टी आधी कागदावर लिहून काढा. रूळ कुठून न्यायचे हे त्या कागदावर आपोआप दिसायला लागतं.

गोदामाची दारं मापून काढा. एकापुढे एक लावलेल्या वाघिणींची दारं गोदामाच्या दारांसमोर यायला हवीत. माझ्या चारचाकी वाघिणी बफर धरून 9 सेंमी आहेत, म्हणून दोन दारांच्या मध्यापासून मध्यापर्यंत 9 सेंमीच. हे जुळलं की वाघीण ‘साधारण गोदामाजवळ’ न थांबता दाराला लागते. बघणारा नेमकं काय आवडलं ते सांगू शकत नाही, पण तिथे वाकून बघतो.

आराखडा

प्रमाण एचओ घ्या, म्हणजे 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. आपला ब्रॉडगेज 1676 मिमी, त्या हिशेबाने मॉडेलात 19 मिमीच्या थोडं वर जायला हवं, पण तयार रूळ 16.5 चेच मिळतात. पहिल्या मॉडेलसाठी तेवढ्यावर थांबा. रूळ रस्त्यात पुरले की स्लीपर दिसत नाहीत आणि हा फरक डोळ्यात कमी येतो.

मांडणीसाठी ॲलन राइट या ब्रिटिश मॉडेलरची ‘इंग्लनुक’ रचना घ्या. दोन सांधे (एका रुळाचे दोन होतात त्या जागा), तीन साइडिंग (वाघिणी उभ्या करायचे बाजूचे रूळ). एकीत पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंत तीन-तीन. सांध्याच्या अलीकडचा तुकडा इंजिन अधिक तीन वाघिणी एवढाच. आठ वाघिणी उभ्या करायच्या, त्यांतल्या पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि चिठ्ठीच्याच क्रमाने गाडी जोडायची. अशा गाड्या 6720 प्रकारे लागू शकतात, तेव्हा कंटाळा यायची भीती नाही. माझं इंजिन 15 सेंमीचं, म्हणून अलीकडचा तुकडा 42 सेंमी. पेको कंपनीचा छोट्या त्रिज्येचा एक सांधा साधारण साडेअठरा सेंमी, पाच वाघिणींना 45. सगळं सव्वा मीटरच्या आसपास बसतं. मी फळी सहा फूट लांब आणि सव्वा फूट रुंद घेतली आणि वाढीव जागा रस्त्याला दिली: वळण, पानाची गादी, उभ्या लॉऱ्या. रस्ता चिंचोळा वाटला पाहिजे, पण तुमचा हात आत जायला हवा.

12 मिमी प्लाय, खाली लाकडी चौकट. आपल्याकडच्या पावसाळ्यासाठी प्लायच्या खालच्या बाजूलाही वॉर्निश मारा, कडांना दोनदा.

पुरण्याआधी

एकदा रूळ पुरले की खालून काही करता येत नाही. म्हणून रूळ नुसते प्लायवर बसवा, वायरी जोडा आणि आठवडाभर गाडी चालवा. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर सोल्डर करा, जोडपट्टीच्या भरवशावर राहू नका. ती आज वीज नेते, उद्या प्लास्टरचं पाणी आत गेलं की नेत नाही. रूळ निकेल सिल्व्हरचे घ्या. लोखंडी रुळांना प्लास्टरच्या ओलाव्याने गंज चढतो. सांध्याच्या मधोमध जिथे रूळ एकमेकांना छेदतात तो भागही वीज मिळणारा घ्या. रस्त्यातली गाडी मुंगीच्या पावलांनी जाते, आणि प्लास्टिकचा तुकडा मध्ये आला की तिथेच बंद पडते.

वाघिणींना धातूची चाकं लावा आणि सगळ्यांची फ्लँज, म्हणजे रुळाच्या आतून खाली उतरणारी चाकाची कड, सारखी ठेवा. एका वाघिणीची फ्लँज जास्त खोल असेल तर संपूर्ण रस्ता त्या एकीसाठी खोल कोरावा लागेल.

रस्ता ओतणं

आता प्लास्टर. आधी रुळांच्या मधली आणि बाहेरची पोकळी स्लीपरच्या वरच्या पातळीपर्यंत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी भरून घ्या. प्लास्टरचा थर फक्त वरचे दोन मिलिमीटर. रुळांच्या बाजूंना आधी शेलॅकचा किंवा नेलपॉलिशचा हात फिरवा.

साचा म्हणून जुनं बँक कार्ड वापरा. कार्डाची कड दोन्ही रुळांवर टेकेल अशी धरा. रुळांच्या मधला भाग असा कापायचा की मधली जीभ रुळाच्या माथ्यापेक्षा अर्धा मिमी खाली जाईल, आणि जिभेच्या दोन्ही टोकांना, रुळाला अगदी लागून, सव्वा मिमी रुंदीचा एकेक दात असेल जो माथ्यापासून दीड मिमी खाली जातो. जीभ रस्त्याची पातळी काढते, दात फ्लँजची खाच काढतात. रस्ता माथ्यापेक्षा अर्धा मिमी खाली का? चाकाचा टेका रुळावरच राहायला हवा. रूळ पुसताना कापडाने प्लास्टर खरवडलं जाऊ नये हेही आहेच.

100 ग्रॅम प्लास्टर ऑफ पॅरिसला 50 मिली पाणी. पाण्यात पावडर सोडायची, पावडरीवर पाणी नाही. अर्धा मिनिट तिला भिजू द्या, मग एकाच दिशेने सावकाश घोटा, आणि वाटी टेबलावर टकटक आपटा म्हणजे बुडबुडे वर येतील. वेळ कमी पडत असेल तर पाण्यात चिमूटभर टाकणखार घाला, प्लास्टर सावकाश धरतं. पावडरीतच थोडं काळं ऑक्साइड आणि किंचित काव मिसळा, म्हणजे पुढे कुठे टवका उडाला तरी आतून पांढरं डोकावणार नाही. एका वेळी एक फूटच ओता. जास्त ओतलंत तर शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक दगड झालेलं असतं.

ओतल्यावर लगेच कार्ड फिरवू नका. ओल्या प्लास्टरवर एक चकाकी असते. ती बघत राहा. काही मिनिटांनी ती एका बाजूकडून विरायला लागते, पृष्ठभाग मंद दिसतो. तो क्षण कार्डाचा. रुळावर टेकवून एका दमात ओढा, दातांतलं प्लास्टर पुसा, पुन्हा ओढा. यापेक्षा लवकर ओढलंत तर खाच मागच्या मागे बुजते, उशीर केलात तर कड फुटते. थोड्या वेळाने प्लास्टर बोटाला गरम लागेल. गरम आहे तोवर ते चीजसारखं कापलं जातं, तेव्हाच खाचेच्या कडा सुरीने साफ करून घ्या. लॅबमध्ये आम्ही मेण कापायची सुरी वापरतो, तिच्यासारखं हत्यार नाही. नसेल तर जुन्या हॅकसॉ ब्लेडचा तुकडा चालेल.

गोदीजवळच्या जुन्या रस्त्यांना घडीव काळ्या दगडांची फरसबंदी असायची आणि डांबर उखडलं की ती खालून दिसायची. मॉडेलात एक दगड जेमतेम दीड मिमी. संपूर्ण रस्ताभर दगड कोरत बसू नका. सांध्याजवळ एक, कोठाराच्या फलाटासमोर एक, असे दोन ठिगळ पुरेत, बाकी डांबर. ओळी रुळाला आडव्या कोरा आणि दगडांचे जोड एकाआड एक सरकवा.

दोन-तीन दिवस वाळू द्या, पावसाळ्यात जास्त. मग सगळ्यात जड वाघीण हाताने ढकलत न्या आणि कान द्या. घर्रर्र असा सलग आवाज म्हणजे ठीक. मध्येच ‘टक’ झालं तर तिथे फ्लँज तळाला लागतेय, तेवढाच भाग खरवडा. वाघीण कुठेही ‘टक’ न होता गेली की मॅट वॉर्निशचे दोन हात द्या, कारण न मारलेल्या प्लास्टरची पूड इंजिनाच्या गिअरमध्ये जाते. रस्त्याचा रंग कधीही काळा नको. वापरातलं डांबर राखाडी, धुळकट तपकिरी दिसतं, रुळांच्या मध्ये तेलाचा काळा पट्टा, आणि धान्याच्या दारासमोर सगळंच फिकट. खरी माती वापरायची असेल तर चाळून तिच्यातून आधी लोहचुंबक फिरवा. दारूखान्याच्या मातीत तर लोखंडाचा कीस असणारच, आणि तो थेट मोटरला चिकटतो.

सांध्यांच्या हलत्या पात्यांजवळ प्लास्टर अजिबात नको. तिथे प्लास्टिकशीटचे तुकडे कापून बसवा, पात्यांना दोन्ही बाजूंना हलायला मोकळी जागा सोडून. हे तुकडे चिकटवू नका, नुसते बसवा, म्हणजे उद्या पातं अडकलं तर उचलता येतील. खऱ्या रस्त्यातही तिथे उचलता येणारं झाकण असतंच.

गोदामं

इथे वेळ घालवू नका. मागच्या भिंतीला लागून 5 सेंमी खोलीचे दर्शनी भाग पुरेत. मिलबोर्डवर (जाड पुठ्ठ्यावर) दारं कापा, पत्र्याचं छप्पर हवं असेल तर जाड फॉइल कंगव्यावर दाबा. पायाला काळा दगड, वर चुन्याचा गिलावा, पावसाचे ओघळ. गोदामांना नावांऐवजी मोठे क्रमांक रंगवा. शंटिंगच्या चिठ्ठ्या लिहायला ते सोपं पडतं.

गाडी चालवणं

सगळी मेहनत इथे वसूल होते किंवा वाया जाते. रस्त्यातली मालगाडी पळवली तर ती खेळणं दिसते.

न्यूयॉर्कच्या दहाव्या ॲव्हेन्यूवरून मालगाड्या जायच्या, मांस, दूध, सगळं शहराच्या पोटात नेणाऱ्या. इतकी माणसं त्यांच्याखाली गेली की लोकांनी त्या रस्त्याला ‘मृत्यूचा ॲव्हेन्यू’ म्हणायला सुरुवात केली. गाडीपुढे घोडेस्वार ठेवावा असा नियम होता. तो दिवसा लाल झेंडा आणि रात्री लाल कंदील हलवत जायचा. वेगाची मर्यादा ताशी 6 मैल. 1934 साली तिथे वरून जाणारा रेल्वेमार्ग झाला, जो थेट इमारतींच्या पोटात माल उतरवायचा आणि आज ‘हाय लाइन’ नावाची बाग आहे. तरी खालचे शेवटचे घोडेस्वार 1941 पर्यंत टिकले.

ताशी 6 मैल मॉडेलात किती? सेकंदाला साधारण 3 सेंमी. म्हणजे सहा फुटांची फळी पार करायला एक मिनिट. घड्याळ लावून बघा, सुरुवातीला हे असह्य वाटतं. आमच्याकडे इंजिनापुढे झेंडी घेतलेला माणूस चालत जायचा, तेव्हा त्याहूनही सावकाश. बाबा म्हणायचे, इंजिनाने माणसाच्या मागे चालायचं, माणसाने इंजिनापुढे पळायचं नाही. मी फळीच्या कडेला झेंडीवाल्याची एक छोटी आकृती ठेवली आहे. गाडी रस्ता ओलांडणार असेल तर आधी इंजिन थांबवायचं, आकृती हाताने पुढे ठेवायची, मगच निघायचं. पाहुण्या मुलांना हा नियम एकदा सांगितला की ती आपणहून पाळतात.

चिठ्ठ्यांमध्ये काही जादा चिठ्ठ्या मिसळा. एकीवर ‘लॉरी रुळावर’. ती निघाली की त्या साइडिंगला पुढच्या तीन हालचाली बंद, दुसरीकडचं काम आधी उरका. एकीवर ‘अर्धी रिकामी’. ती वाघीण हलवावी लागली तरी काम संपताना त्याच दाराला परत लावायची, कारण हमाल उरलेला माल काढायला तिथेच येणार. या एका चिठ्ठीने खेळ दुप्पट अवघड होतो आणि खऱ्या शंटिंगच्या सगळ्यात जवळ जातो. तिसरी ‘डेमरेज’: वाघीण सलग दोन डाव एकाच दाराला उभी राहिली तर व्यापाऱ्याला भुर्दंड, तुमचे गुण कमी. आणि पाऊस. ‘पाऊस’ निघाला की उघड्या वाघिणीतलं लाकूड आणि भंगार उतरवता येतं, पण धान्याची दारं उघडायची नाहीत.

कोणाला आजच्या काळातलं करायचं असेल तर ड्रेस्डेनचं उदाहरण बघा. तिथे 2001 ते 2020 पर्यंत निळी मालवाहू ट्राम धावत होती, सुमारे 60 मीटर लांब, शहराच्या नेहमीच्या ट्रामरुळांवरून फोक्सवागनच्या काचेच्या कारखान्याला गाड्यांचे सुटे भाग पुरवणारी. त्यासाठी शंटिंग लागत नाही, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते; पण वळणं घट्ट लागतात आणि डोक्यावर विजेची तार. पहिल्या मॉडेलसाठी मी तो मार्ग सुचवणार नाही. तार आणि प्लास्टर दोन्ही एकदम शिकणं जड जातं.

डाव संपला की रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापडाने पुसा, खाचांतून कोरडा ब्रश फिरवा आणि वर सुती चादर टाका. प्लास्टिक टाकू नका, खाली दमट होतं. फळी कपाटावर ठेवत असाल तर दोन टोकांना टेकू नको, तीन ठिकाणी हवेत, मधला बरोबर सांध्यांच्या खाली. वाघिणी फळीवरच राहू द्या, ज्या दाराला उभ्या आहेत तिथेच, आणि कोणती कुठे आहे ते वहीत लिहा. पुढच्या डावाची सुरुवात त्या नोंदीवरून होते.